क्लिप हाताशी आहे, म्हणून गावाला दाखवायची का?

पत्र:

‘सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात सगळा माल काउंटरवरून दिला जायचा. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून आम्ही रॅक लावले, टोपल्या ठेवल्या. आता गिऱ्हाईक आत येऊन हातानं माल घेतं. धंदा वाढला, पण माल गायब व्हायला लागला. काजू-वेलदोड्याची पाकिटं, तुपाच्या बरण्या, ब्लेड, क्रीम-पावडर. मिस्टर म्हणतात, महिन्याला पाच-सहा हजारांचा खड्डा पडतो.

गावातल्या व्यापाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर “चोर ओळखा” म्हणून फोटो नि क्लिपा येतात. गेल्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांचा बिस्किटपुडा पिशवीत टाकतानाचा व्हिडिओ फिरला. ते आता घराबाहेर पडत नाहीत म्हणे. आणि आमच्या कॅमेऱ्यात नववीतली एक मुलगी सापडलीय. काजळ, नेलपॉलिश, फेसवॉश असं तीन वेळा दप्तरात टाकताना स्वच्छ दिसते. तिची आई माझ्या भिशीत आहे. मिस्टर म्हणतात क्लिप ग्रुपवर टाकू, बाकीच्यांना वचक बसेल. सासरे म्हणतात आईबापाला दुकानात बोलावून पाचपट वसूल करू. त्यात व्यापारी संघटनेचं चाललंय की बाजारतळावर पालं टाकून राहिलेल्या लोकांना दुकानात घ्यायचंच नाही, तसा बोर्ड लावायचा. मला यातलं काही पटत नाही, पण नुकसान तर आमचंच होतंय. काय करू? नाव छापू नका.’

ताई,

क्लिप ग्रुपवर जाऊ देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आज रात्रीच मिस्टरांच्या कानावर घाला. ‘मला वाईट वाटतं’ असं सांगू नका, कायद्याचं नाव घेऊन सांगा. दुकानदार माणसाला दया पटायला वेळ लागतो, दंड लगेच पटतो. मुलगी नववीत आहे, म्हणजे अठराच्या आतली. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, किंवा ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमातून जाहीर करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीनशे-चारशे रुपयांच्या काजळ-फेसवॉशपायी हा धोका कोण घेईल? ‘चेहरा झाकून टाकू’ ही पळवाटही चालणार नाही. तुमच्या गावात गणवेशावरून शाळा कळते, दप्तरावरून मुलगी कळते.

सासऱ्यांची पाचपट वसुली त्याहून वाईट. ‘पैसे द्या, नाहीतर क्लिप टाकू’ किंवा ‘पोलिसात देऊ’ असं म्हणून मालाच्या किमतीपेक्षा जास्त रक्कम घेतली, तर भारतीय न्याय संहितेचं खंडणीचं कलम, ३०८, तुमच्या दारात येऊन उभं राहू शकतं. मग चोरी झालेली तुमची आणि आरोपीही तुम्हीच. गेलेल्या वस्तूंची छापील किंमत घ्या, एक रुपया जास्त नाही. ‘महिनाभर दुकान झाडायला येऊ दे’ असली शिक्षाही कुणी सुचवेल, ती ऐकू नका.

आता मुलीच्या आईशी बोलायचं. हे तुम्हालाच करावं लागेल आणि हे सगळ्यात अवघड आहे, कारण पुढच्या महिन्यात भिशीत दोघी एकाच सतरंजीवर बसणार. मुलीला एकटीला गाठून दम देऊ नका. मोठ्या माणसाकडे आपलं गुपित आहे हे कळलेली चौदा वर्षांची मुलगी त्या माणसाच्या मुठीत जाते. तुम्ही तसल्या नाही, पण दुकानातला पोऱ्या किंवा शेजारचा दुकानदार तसला निघाला तर? म्हणून आईशीच बोला, आणि एकट्या आईशी. तिच्या घरी नको, तिथं सासू असेल, नवरा असेल. दुकानात तर नकोच. दुपारची जेवणं उरकल्यावर तुमच्या घरी बोलवा. प्रस्तावना लांबवू नका. ‘अगं, एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. तुझ्या लेकीनं आमच्या दुकानातून दोन-तीन वस्तू पैसे न देता नेल्या. हे मला आणि घरातल्या दोघांना सोडून कुणाला माहीत नाही, आणि कळणारही नाही.’ एवढं म्हणून थांबा.

ती रडेल, किंवा उसळून ‘माझी मुलगी तसली नाही’ म्हणेल. उसळली तर वाद घालू नका, क्लिप एकदा दाखवा आणि फोन पालथा ठेवा. तिसरी शक्यता मला जास्त काळजीची वाटते. ती काहीच न बोलता पदरानं तोंड पुसेल, पैसे काढून ठेवेल आणि घरी जाऊन पोरीला बडवेल, किंवा बापाच्या कानावर घालून बडवायला लावेल. म्हणून उठायच्या आधी तिला सांगा की मारझोड केलीस तर ती पुन्हा सांगणार नाही, फक्त पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून उचलेल. नववीतल्या मुलीनं नेलपॉलिश उचलली, यात गरजेपेक्षा मैत्रिणींचा भाग मोठा असतो. कुणीतरी पैज लावलेली असते, कुणाकडे ते असतं नि आपल्याकडे नसतं, घरी मागितलं तर ‘हे नखरे कशाला’ ऐकावं लागतं. आईला यातलं काय ते बरोबर कळेल, तुम्ही निदान करत बसू नका. मुलगी पुढे दुकानात आली तर ‘ये गं’ म्हणा आणि माल द्या. तिच्यावर पाळत ठेवताय असं तिला दिसू देऊ नका. डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्यातली क्लिप काही दिवसांनी नव्या चित्रणाखाली आपोआप पुसली जाईल. मिस्टरांच्या मोबाईलमधली मात्र तुम्हाला समोर बसून पुसायला लावावी लागेल, आणि गॅलरीच्या कचऱ्याच्या डब्यातूनही.

पोलिसांकडे जायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मिस्टर विचारतील. मुलांच्या बाबतीत, ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे असा अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत मोठं कुणी नसेल, तर पोलीस एफआयआर नोंदवत नाहीत, डायरीत नोंद करून बाल न्याय मंडळाकडे अहवाल पाठवतात. काजळाच्या कांडीसाठी एवढं करायची गरज मला दिसत नाही. तीच मुलगी कुणा मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून उचलते आहे असं दिसलं, तर मात्र गप्प बसू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

मास्तरांचं ऐकून मला जास्त वाईट वाटलं. त्यांना काय झालंय ते मी इथून सांगू शकत नाही, पण त्या ग्रुपमधल्या एकाही शहाण्यानं व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी विचारलं नाही की आयुष्यभर ज्यानं ‘खात्यावर मांड’ म्हणून माल नेला, तो माणूस रॅकवरून पुडा घेऊन तसाच निघाला तर ती चोरी असेल की सवय? स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत, मेंदूचा पुढचा भाग आधी झिजतो त्यात, विसरणं नंतर येतं आणि वागणं आधी बिघडतं. पैसे न देता वस्तू उचलणं हे त्याचं एक लक्षण असतं. व्हिडिओ टाकणाऱ्यानं तो पुसावा आणि जाऊन मास्तरांना भेटावं. तो जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही जा. मुलगा बाहेरगावी असेल तर त्याला फोन करून सांगा की वडिलांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. तोवर कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. पुढे मास्तर दुकानात आले तर बिल मांडून ठेवायचं आणि महिन्याला घरच्यांकडून घ्यायचं. खातं ठेवायची पद्धत तुमच्या सासऱ्यांना अजून विसरायला झाली नसेल.

ग्रुप बंद करा असं मी म्हणणार नाही, कुणी करणारही नाही. पण त्यावर माणसांची तोंडं टाकण्याऐवजी चोरीच्या तऱ्हा टाका. ‘आज दुपारी एकजण पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून दोन किलो तूप घेऊन गेला, साउंडबॉक्सवर रक्कम ऐकल्याशिवाय माल सोडू नका.’ ‘क्यूआरच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं सापडलं, सकाळी दुकान उघडताना आपापलं तपासा.’ यानं पन्नास दुकानं सावध होतात आणि कुणाची अब्रू जात नाही. खरं सांगायचं तर छोट्या गावांत आज दप्तरातल्या काजळापेक्षा हा खोटा स्क्रीनशॉट मोठा चोर आहे. पण त्याचा व्हिडिओ निघत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

आता तो बोर्ड. इथं तुम्ही घरात नाही, संघटनेच्या बैठकीत बोलायला हवं, आणि तिथं एकही बाई बसत नसेल तर तुम्ही जाऊन बसाच. भारताच्या राज्यघटनेचं कलम १५, त्यातला दुसरा भाग, दुकानाचं नाव घेऊन सांगतो: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणा नागरिकाला दुकानात येण्यापासून अडवता येणार नाही. पालावरची माणसं पारधी असतील तर ती महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांना जातीवरून दुकानबंदी केली तर अॅट्रॉसिटीचा गुन्हा होतो, आणि बोर्ड हाच त्याचा पुरावा, तोही तुम्हीच रंगवून टांगलेला.

तुमच्या जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. स्वतंत्र भारतानं ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला. गावाच्या मनातून तो पुसला का, हे तुमच्या संघटनेच्या बोर्डावरून दिसतंच आहे. आणि १ जुलै २०१८ विसरू नका. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातले. तिथंही आधी मोबाईलवर मेसेजच फिरत होते. त्या बैठकीत कुणी ‘एवढं काय, एक बोर्डच तर आहे’ म्हणालं, तर राईनपाडा एवढा एकच शब्द उच्चारा.

तुमचा अनुभव काय सांगतो तेही बघा. तुमच्या कॅमेऱ्यात कोण सापडलं? भिशीतल्या बाईची मुलगी. ग्रुपवर कोण सापडलं? मास्तर. पालावरचं कुणी सापडल्याचं पत्रात कुठं लिहिलेलं नाही.

आता मुख्य दुखणं, खड्डा. ‘मिस्टर म्हणतात पाच-सहा हजार’ असं तुम्ही लिहिता. हा आकडा आला कुठून? माल मोजून आला असेल तर ठीक. गल्ल्यात वाटतं तेवढे पैसे उरत नाहीत म्हणून आला असेल, तर तो सगळा चोरांच्या नावावर टाकू नका. किराण्याच्या दुकानातून माल पाच-सहा वाटांनी जातो आणि गिऱ्हाइकाची पिशवी ही त्यातली एक. एजन्सीची गाडी ऐन गर्दीच्या वेळी येते, खोकी उतरतात, बिलावर सही होते आणि खोकं फोडून कुणी मोजत नाही. स्कीममधला फुकट माल बिलावर असतो, गाडीत नसतो. मुदत संपलेला माल परत जातो, त्याची क्रेडिट नोट येतच नाही. उंदीर, घुशी. जुन्या भावानं मारलेली बिलं. आणि रागावू नका, पण घरात नेलेला साबण, तेल, चहापत्ती तुम्ही वहीत मांडता का? नणंदेच्या घरी गेलेला तुपाचा डबा? मी पाहिलेल्या बहुतेक दुकानांत हा शेवटचा रकाना कोरा असतो, आणि तो बराच मोठा असतो.

म्हणून महिनाभर एक करा. सगळं दुकान मोजायला जाऊ नका, जमणार नाही आणि चिडचिड होईल. ज्या वस्तू जातात असं वाटतं त्यातल्या दहाच निवडा: काजू, वेलदोडे, तूप, ब्लेड, दोन-तीन क्रीम. रोज रात्री दुकान वाढवताना त्या तेवढ्या मोजा, आलेल्या मालातून विकलेला माल आणि घरी नेलेला माल वजा करा, तारखेसह लिहा. महिन्यानं तुम्हाला दिसेल की माल कुठल्या वारी जातो. बाजारच्या दिवशी की शाळा सुटल्यावर, की एजन्सीची गाडी येऊन गेल्यावर. हा हिशेब समोर आला की मिस्टरांचाही सूर बदलेल. शंभराच्या वस्तूत दहा रुपये सुटत असतील, तर एक गेली की तशाच नऊ विकून नुसती बरोबरी होते. त्यामुळे मोजायचा कंटाळा परवडत नाही.

पिशवीतूनच जातोय असं निघालं, तर फळ्या हलवा. आकारानं छोटं आणि किमतीनं मोठं असलेलं सगळं काउंटरमागच्या काचेच्या कपाटात. रॅकवर गूळ, डाळी, साबणाच्या वड्या, फरसाण राहू द्या, दहा किलो तांदूळ कुणी पदराआड नेत नाही. काउंटरवर बसणाऱ्याला दार आणि शेवटचा रॅक दोन्ही दिसले पाहिजेत, मधला उंच रॅक असेल तर वरची फळी काढून टाका. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात लावलेला असेल तर त्यात डोक्यांचे मधले भांगच दिसतात. एक दाराशी, चेहऱ्याच्या उंचीला आणा. ‘दुकानात कॅमेरे सुरू आहेत’ ही पाटी ठळक हवी. पिशव्या काउंटरला ठेवायच्या असतील तर सगळ्यांच्या, नगरसेवकाच्या बायकोचीही. निवडक लोकांच्या पिशव्या ठेवून घेणं हा बोर्डाचाच धाकटा भाऊ. आणि कुणी रॅकपाशी रेंगाळलं तर आतून आवाज द्यायचा, ‘काय पाहिजे, सापडतंय का?’ चोराला ओळख नको असते, गिऱ्हाइकाला हवी असते.

आणि कुणी खरंच रंगेहाथ सापडलं तर? अंगाला हात लावायचा नाही, झडती घ्यायची नाही, खोलीत कोंडायचं नाही. बाईची झडती पोलिसांनासुद्धा बाईकडूनच घ्यावी लागते, तुम्हाला तर तो अधिकारच नाही. कोंडून ठेवलंत तर न्याय संहितेचं कलम १२७, मारलंत तर ११५, हे उलट तुमच्यावर. ‘वस्तू पिशवीत राहिली वाटतं, बिल करू का?’ असं म्हणा. दहातले बहुतेकजण पैसे देतात किंवा वस्तू ठेवून जातात, आणि पुन्हा त्या वाटेला येत नाहीत. सामान्य माणसाला कुणाला धरून ठेवता येतं ते फक्त डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) आणि अजामीनपात्र गुन्ह्यात, आणि उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे, ठाण्यात त्याची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद होते. दुकान म्हणजे माल ठेवायची इमारत, म्हणून कलम ३०५ लागलं तर तोच प्रकार दखलपात्र होतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. कुठलं कलम लागेल हे तुम्हाला दारात उभं राहून ठरवता येणार नाही, म्हणून धरपकड नको, ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासूनच्या या नव्या न्याय संहितेत एक गोष्ट मला आवडली. साध्या चोरीच्या कलम ३०३ मध्ये, पाच हजारांच्या आतली रक्कम, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि माल किंवा किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. तुमच्या ग्रुपची शिक्षा त्याहून कितीतरी कडक आहे, आणि तिला अपीलही नाही.

टोळ्या वेगळ्या. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी चार-पाच जण एकदम कापडदुकानात किंवा सराफाकडे शिरतात, एक भाव पाडत बसतो, दुसरा वरच्या फळीवरचं काढायला लावतो, तिसरा हात मारतो. तिथं गयावया नाही, सरळ एफआयआर. सगळ्या दुकानदारांनी आपल्या बीटच्या हवालदारांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा आणि सणाआधी त्यांना एकदा बाजारपेठेतून फिरवून आणावं. अशा प्रकरणात चित्रण त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. कोर्टात ते चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते कसं द्यायचं हे तपास अधिकारी सांगतील. पण बऱ्याच दुकानांत डीव्हीआरचं घड्याळच चुकलेलं असतं, आणि बचावाचा वकील तिथूनच सुरुवात करतो. आज दुकान वाढवायच्या आधी ते एकदा मोबाईलशी जुळवून घ्या.